बांधाला टाच लागेपर्यंत

पन्नास वर्षं भाताची आवणी, म्हणजे लावणी, आणि कापणी केली, पॉवर हाऊसच्या क्वार्टर्समध्ये घरोघरी पोळ्या लाटल्या, पण माझा अंगठा कधी दुखला नाही. तो दुखला व्हिडिओ गेम खेळून. कर्जतच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काय काम करता?" मी म्हटलं, "गेम खेळते." त्यांनी माझ्या सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "खरं हाय डॉक्टर. पगार मिळतो त्यांना त्याचा."

डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. तोवर सहा वर्षं झाली होती. लोक अजून विचारतात की हे कसलं काम, म्हणून ते आधी सांगून टाकते.

गेम बनवणारा माणूस आपला गेम स्वतः इतक्या वेळा खेळतो की त्याला त्यातलं काही दिसेनासं होतं. आमटी दहा वेळा चाखली की मीठ कळत नाही, तसंच. मग त्याला असं माणूस लागतं, ज्यानं तो गेम कधी पाहिलेला नाही. त्या माणसाच्या हातात कंट्रोलर द्यायचा आणि बनवणाऱ्यानं मागं गप्प बसायचं. खेळणाऱ्यानं जे दिसतं, जे कळत नाही, ते मोठ्यानं बोलायचं. बनवणाऱ्यानं ते लिहून घ्यायचं, पण मदत करायची नाही. एवढंच काम. मला ते जमलं, कारण न कळलेलं कळलं असं दाखवायची मला सवय नाही.

सुरुवातीला मी तिथं स्वयंपाकाला होते. भिवपुरीच्या रस्त्याला, आमच्या गावापासून पायी पंधरा मिनिटांवर, निखिल आणि रुबीना या दोघांनी एक बंगला भाड्यानं घेतला होता. निखिल मोहोपाड्याचा, वडील तिथल्या केमिकल कारखान्यात होते. रुबीना खोपोलीची, तिच्या अब्बांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. दोघं एका कॉलेजात शिकलेली. रुबीना गेम बनवायची आणि निखिल गेमवर लिहायचा. शिवाय आठवड्यातून एकदा निखिल कुणाला तरी समोर बसवून गेमवर तासभर बोलायचा, आणि ते बोलणं रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायचा. बाहेरचे गेमवालेही आपले गेम तपासून घ्यायला तिथं यायचे. गावातल्या बायांनी मला विचारलं, "ती दोघं एकमेकांची कोण लागतात गं?" मी म्हटलं, "भांडतात तेवढीच लागतात." रुबीना रोज संध्याकाळी खोपोलीला परत जायची, त्यामुळे गावाला पुढं बोलायला फारसं काही उरलं नाही.

रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगलेल्या होत्या आणि पंखाही बंद ठेवायचे. एक दिवस निखिल घामानं भिजलेला स्वयंपाकघरात आला.

"मावशी, कुकरची शिट्टी थांबवता येईल का? आत ऐकू येते."

"शिट्टी माझ्या हातात नाय. बोलणं तुमच्या हातात हाय. ते थांबवा दहा मिनटं."

खोलीचं दार उघडं राहिलं होतं, आत बसलेला पाहुणा हसला आणि ते सगळं रेकॉर्ड झालं. निखिलनं ते तसंच टाकलं. मग ऐकणारे विचारायला लागले की ही बाई कोण. पुढच्या आठवड्यात त्यानं मला आत बसवलं आणि हातात कंट्रोलर दिला. त्या गेममध्ये एक माणूस नुसता पळत होता.

मी विचारलं, "हा पळतोय कशापायी? कोण लागलंय मागं?"

गेम बनवणारा समोरच होता. तो म्हणाला, "तसं कोणी नाही. गेमच तसा आहे."

"मग थांबू दे की त्याला."

रुबीना कोपऱ्यात बसली होती. तिनं ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून माझा स्वयंपाक सकाळी अकराच्या आत उरकायला लागला.

समीक्षा म्हणजे काय ते निखिलनं मला पोळ्या लाटता लाटता शिकवलं. आधी काय दिसलं ते सांगा. मग त्यानं तुमचं काय झालं ते सांगा. आवडलं की नाही ते शेवटी, आणि नाही सांगितलं तरी चालेल. मी म्हटलं, हे आमच्या विहारातल्या बायांना शिकव. त्या आवडलं-नावडलंपासूनच सुरू करतात आणि काय पाहिलं ते शेवटपर्यंत सांगत नाहीत.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. पुण्याचा एक जण भुताचा गेम घेऊन आला. अंधारं घर, बंद दार आणि आतून रडण्याचा आवाज. दार उघडलं की भूत. ते भूत बनवायला त्याला वर्ष लागलं होतं, हे मला नंतर कळलं. मी दाराशी गेले आणि उभी राहिले.

"आतला आवाज पुरुषाचा हाय," मी म्हटलं. "मी एकटी बाई. मी काय उघडायची नाय."

तो मागं बसून होता. नियमाप्रमाणे त्याला बोलता येत नव्हतं. मी गेममधल्या ओसरीवर थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रुबीना तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "आजी, एकदा उघडा ना."

"तू उघड. तुझं घर हाय."

दोन महिन्यांनी त्याचा निरोप आला. आता कोणी दार उघडलं नाही तर काही वेळानं ते आपोआप उघडतं, आणि लोक तिथंच सगळ्यात जास्त दचकतात. या गोष्टीचा मला अजून गर्व आहे.

एकदा मुंबईहून एक पत्रकार आला. त्याला माझी मुलाखत पाहिजे होती. त्यानं विचारलं, "नऊवारी आहे का? आणि चूल कुठे आहे?" मी म्हटलं, मी गोल साडी नेसते आणि घरात गॅस आहे. त्यानं तरी मला अंगणात जुन्या पाट्यावरवंट्याजवळ बसवून, हातात कंट्रोलर देऊन फोटो काढला. छापून आलं तेव्हा मी निरक्षर झाले होते. मी चौथी पास आहे. लेखात माझ्या सुरकुत्या होत्या, पण मी कोणता गेम खेळत होते त्याचं नाव नव्हतं. मी माझ्या हातानं त्या पेपरला पत्र लिहिलं. ते छापलं नाही. निखिलनं ते कार्यक्रमात वाचून दाखवलं आणि म्हणाला, "आमच्या धंद्यात कसं लिहू नये याचा हा धडा आहे." त्या पत्रकाराला माझ्याकडून काही ऐकायचंच नव्हतं. लेख तो मुंबईत ठरवून आला होता.

रुबीनाची गोष्ट सांगायची म्हणून हे बाकीचं सांगितलं.

रुबीना दोन वर्षं एकच गेम बनवत होती. एक बाई एका दिवसात भाताचं एक खाचर लावते. शेजारी दुसऱ्या बाया लावत असतात आणि बोलत असतात. घरचं, नवऱ्याचं, तिथं नसलेल्या बाईबद्दल. आपण वेग कमी-जास्त केला की वेगवेगळ्या बाईच्या जवळ जातो आणि तिचं बोलणं ऐकू येतं. सगळं ऐकता येत नाही. ना मारामारी, ना कोणाला हरवायचं. निखिल म्हणायचा, असला गेम त्यानं पाहिला नव्हता.

मुंबईत नवीन गेमचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात तिला जागा मिळाली होती. तिच्या अब्बांनी तिला तोपर्यंतची मुदत दिली होती. प्रदर्शनात गेम चालला तर ती हेच काम करील, नाही तर पनवेलला एका ऑफिसात नोकरी ठरली होती. हे तिनं मला कांदे निवडता निवडता सांगितलं होतं. म्हणजे तिचं काय पणाला लागलंय ते मला माहीत होतं.

तो गेम मी सहा महिने खेळत होते. ती विचारायची, "मावशी, बटण सापडलं का? अक्षर वाचता येतं का? बाया काय बोलतात ते कळतं का?" मी उत्तर द्यायची. गेममधली बाई पुढं पुढं चालत लावत होती, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. ती आपणच लावलेल्या रोपांतून चालायची आणि रोपं उभीच राहायची. मी बोलले नाही. वाटलं, गेममध्ये माणसं छपरावरून उड्या मारतात आणि मरत नाहीत, तसंच हे असेल. शिकलेली पोर आहे, तिनं मुद्दाम केलं असेल. शिवाय तिनं ते विचारलं नव्हतं. मी विचारलं तेवढंच सांगत होते. हीच माझी चूक.

प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते. निखिलनं रुबीनाला आणि मला समोरासमोर बसवलं. हे बोलणं प्रदर्शनाच्या आधी लोकांपुढं जायचं होतं. पंखा बंद केला.

"मावशी, काय दिसलं ते सांगा," निखिल म्हणाला.

"खाचर दिसलं. चिखल झकास केलाय, पाय काढला की चपकन आवाज येतो. बाया बोलतात त्या खऱ्या वाटतात. एक तर माझ्या जावेसारखीच खवचट हाय."

रुबीना हसली.

"आणि त्यानं तुमचं काय झालं?"

इथं मला त्याचा नियम पाळायला लागला. "माझे पाय आखडले," मी म्हटलं. "ती पुढं चालत आवणी करते. आपलीच रोपं तुडवत."

"पुढं म्हणजे?" रुबीनानं विचारलं.

"तोंडाकडं. आमी मागं मागं सरकतो. लावलेलं डोळ्यापुढं ऱ्हातं. ज्यानं हे बनवलं त्यानं खाचरात पाय घातलेला नाय."

रुबीना हळू आवाजात म्हणाली, "सहा महिने खेळताय तुम्ही, मावशी."

"तू बटणाचं विचारत होतीस."

निखिलनं रेकॉर्डिंग थांबवलं आणि दोघांचं सुरू झालं. ती म्हणाली, हा भाग काप. तो म्हणाला, दुसऱ्याच्या गेमवर असं कोणी बोललं असतं तर आपण कापलं असतं का? ती म्हणाली, दुसऱ्याचा बाप पनवेलची नोकरी ठरवून बसलेला नाही. खोपोलीत वाढूनही ती इथं कशी चुकली, तेही तेव्हाच कळलं. लहानपणापासून तिनं आवणी बघितली होती, पण रस्त्यावरून. लांबून वाकलेल्या पाठी दिसतात. त्या इतक्या सावकाश सरकतात की पुढं चालल्यात की मागं, ते कळत नाही. बाकीचं तिनं मोबाइलवर पाहिलं होतं, आणि तिथं लावणीचं यंत्र पुढं चालत होतं. निखिल म्हणाला, "गेममध्ये सगळेच पुढे चालतात, रुबी. अंगठा पुढेच ढकलायचा असतो. मलाही नाही कळलं." तो भातशेतीच्या तालुक्यात जन्मलेला.

रुबीना माझ्याकडे वळली. "मावशी, परत रेकॉर्ड करू. खोटं नका बोलू. फक्त ते बोलू नका."

मी हो म्हटलं. मला ती पोर आवडायची. ईदला आमच्यासाठी शिरखुर्म्याचा डबा आणायची आणि माझ्या हातची सुक्या बोंबलाची चटणी घरी न्यायची. एवढं करायला काय जातंय, असं वाटलं.

परत बसलो. निखिलनं विचारलं, काय दिसलं. मी म्हटलं, "खाचर दिसलं. छान हाय. बाया पण छान हायत. रंग छान हाय."

"त्यानं तुमचं काय झालं?"

"छान वाटलं."

माझाच आवाज मला ओळखू येईना. लग्नात नको असलेला आहेर हातात घेताना बाया बोलतात, तसा येत होता. रुबीना माझ्याकडे बघत राहिली.

"बंद कर, निखिल," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "अशा तुम्ही फक्त नालायक गेमबद्दल बोलता."

"तसंच हाय ते."

"आत्ता आवणी चालू असेल ना कुठे?"

"माझ्या दिराची चालू हाय. उद्या सकाळी ये. हे चांगले कपडे घालून येऊ नको."

ती आली. सुमन, माझी जाऊ, जिच्यासारखी बाई गेममध्ये होती, ती खाचरातूनच ओरडली, "ही कोण गं?"

"खोपोलीची हाय. कॉम्प्युटरवर आवणी करते."

"मग रोपं पण कॉम्प्युटरवरच उगवायची हुती. वाकता येतंय का तिला?"

"खुर्चीत वाकूनच बसते."

रुबीनानं पाय घातला आणि तिसऱ्या पावलाला चिखलात बसली. सुमन म्हणाली, "बस बस, लाजू नको. पाट नाय आमच्याकडं." मी तिच्या हातात रोपांची मूठ दिली. दोन-तीन काड्या वेगळ्या करायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या. एवढ्याला चूड म्हणतात. पुढचा चूड वीतभर अंतरावर, मग एक पाऊल मागं. ती सारखी मान वळवून मागं बघायला लागली.

"मागं बघू नको," मी म्हटलं. "हात थांबतो. लाईनही वाकडी जाते."

"मग शेवट आला ते कसं कळणार?"

"बांध येतो. टाचेला लागतो."

दुपारपर्यंत ती एक पट्टा लावत होती. पहिल्या तासात दहा वेळा विचारलं, किती राहिलं. मग विचारायची थांबली. सुमननं तिला तिच्या लग्नाचं विचारलं, तिनं सुमनला तिच्या नवऱ्याचं विचारलं, आणि सुमननं कधी नव्हे तो विषय बदलला. मग रुबीनाची टाच बांधाला लागली. ती दचकून सरळ झाली. समोर आख्खा पट्टा हिरवा उभा होता, वाकडा, मध्ये मध्ये जागा सुटलेला. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"मला वाटलं अजून खूप बाकी आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तिसऱ्या लाईनीत दोन चूड सुटलेत."

संध्याकाळी तिनं निखिलला सांगितलं की मुंबईची जागा सोडायची. बाईची दिशा बदलायची म्हणजे एक बटण बदलणं नव्हे, हे तिनं मला समजावलं. आपण गेम ज्या नजरेनं बघतो ती नजर बदलते, शेजारच्या बाया कुठं उभ्या राहतात ते बदलतं, कोण कधी ऐकू येतं तेही बदलतं. तीन आठवड्यांत ते होत नव्हतं, आणि जुना गेम लोकांना दाखवायला ती तयार नव्हती. निखिल म्हणाला, "मुंबईत कोणाला कळणार आहे?" ती म्हणाली, "आता मला कळतं." आणि पहिलं रेकॉर्डिंगच टाक म्हणाली, न कापता.

अब्बांनी दिलेली मुदत संपली. ती पनवेलला नोकरीला लागली. बंगला परवडेना, म्हणून निखिलनं कर्जतला दोन खोल्या घेतल्या आणि तिथं बोलणी चालू ठेवली.

मला ते लागलं. मी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर तिच्या हाताशी सहा महिने होते. एक दिवस मी खोपोलीला तिच्या अब्बांच्या दुकानात गेले. म्हटलं, "तुमच्या पोरीची मुंबई माझ्यापायी गेली. मला दिसत हुतं, मी बोलले नाय."

त्यांनी हातातला पार्ट खाली ठेवला. "बाई, ब्रेकची केबल उलटी बसवलेली मला दिसली आणि मी बोललो नाय, तर चूक कोणाची?"

"तुमची."

"मग चहा घ्या," ते म्हणाले आणि त्यांनी स्टूल पुढं केलं. त्यानंतर त्यांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही. मलाही नुसती समजूत घातली असती तर आवडलं नसतं.

रुबीनानं गेम सोडला नाही. दोन वर्षं रविवार आणि सुट्ट्या त्यात घातल्या. मला तिनं त्या काळात एकदाही खेळू दिलं नाही. "मला तुम्ही परत नवीन माणूस म्हणून पाहिजे," म्हणायची. गेल्या महिन्यात ती घरी आली, पिशवीत लॅपटॉप आणि कंट्रोलर. सून म्हणाली, "डॉक्टरांनी नाय सांगितलंय." मी म्हटलं, "एक खाचर हाय. होईल."

नजर खाली होती. फक्त चिखल, दोन हात आणि लावलेली रोपं. अंगठा मागं ओढायचा. मागं काय आहे ते दिसत नाही, वर बघायला बटणच ठेवलेलं नाही. बाया बोलत होत्या. सुमनसारखी होती ती आता जास्तच खवचट झाली होती. किती राहिलं ते कळेना. अंगठा ठणकायला लागला. मी थांबणार इतक्यात कंट्रोलर हातात थडकन हलला. टाच बांधाला लागली होती. तेव्हा पहिल्यांदा नजर वर आली आणि आख्खं खाचर दिसलं.

रुबीना मागं बसली होती. नियमाप्रमाणे गप्प.

निखिल या गेमवर लिहिणार नाही. मैत्रिणीच्या गेमवर लिहिणं बरोबर नाही म्हणतो, आणि ते खरं आहे. माझ्यावर असं बंधन नाही, म्हणून मी लिहितेय. काय दिसलं ते सांगितलं. त्यानं माझं काय झालं, तर मी चष्मा काढून पुसला आणि परत नीट बघितलं. लावण एकदम सरळ होती, फक्त माझ्या पट्ट्याशेजारचा एक पट्टा वाकडा होता.

"रुबी, या तिसऱ्या लाईनीत दोन चूड सुटलेत," मी म्हटलं.

"माहीत आहे, मावशी. तो पट्टा माझा आहे."

मी म्हटलं, मग राहू दे.